दोन रिंगा

नरसी नामदेव, ता. जि. हिंगोली
१२ जानेवारी २०२६

मुन्ना,

खुशाली शेवटी लिहीन, जागा उरली तर. आधी माझा राग वाच.

आज दिवसभरात मायच्या फोनवर तेरा फोन आले. मी पाटीवर रेघ मारून पुढं नंबर लिहीत बसले होते. तेरातला एक मामाचा, बाकी बारा त्या तेलवाल्यांचे. "नमस्कार, आपण गुडघेदुखीनं त्रस्त आहात का?" माय पिठाचे हात घेऊन चुलीपासून खुंटीपर्यंत उठते, फोन उचलते, तर ही बाई. तिचे गुडघे आधी एवढे दुखत नव्हते. यांचे फोन उचलायला उठून उठून दुखायला लागले.

तू म्हणशील, फोन बंद ठेवा. तीन वर्षं झाली तू घरी आठ दिवससुद्धा टिकला न्हाईस, म्हणून आठवण करून देते. आबा मेंढरं घेऊन कनेरगाव नाक्याच्या पल्याड गेलेत, ग्यानबाकाका सोबत आहे. आबांना फोनवर बोलणं जमत न्हाई, भिताडाशी काय बोलायचं म्हणतात. म्हणून रोज दिवस मावळला, मेंढरं जाळीच्या कुंपणात घातली, की ते दोन रिंगा देतात अन् कापतात. दोन रिंगा म्हंजे मुक्काम पडला, माणूस अन् मेंढरं बराबर. उचलायचं न्हाई. काही बिघडलं असलं तर ते वाजवतच राहतात, तेव्हा उचलायचं. अन् रिंगा आल्याच न्हाईत तर दुसऱ्या दिवशी सकाळी इथून माणूस धाडायचा. बारा वर्षं हा रिवाज चालू आहे. मायला आकडे वाचता येत न्हाईत, ती फोनकडं बघतही न्हाई. हात मांडीवर ठेवून बोटावर मोजते. एक. दोन. बंद. मग उठते अन् जेवायला वाढते. रिंगा येईपर्यंत स्वतः घास घेत न्हाई.

आता मला सांग, दिवस मावळायच्या टायमाला हा फोन पाच-सहा वेळा कोकलायला लागला तर तिनं काय मोजायचं?

तू शहरात ऑफिसात बसतोस. असे फोन करता येत न्हाईत असा सरकारचा नियम आहे म्हणे. तो नियम काय आहे, तक्रार कुठं करायची, नीट लिहून धाड. फोन करू नको. तुझा दिवसभर बंद असतो, अन् संध्याकाळी मायचा मला मोकळा पाहिजे. माझ्या फोनवर शिवणमशीन पडली, आता त्याच्यात तोंडसुद्धा दिसत न्हाई.

शिवकन्या

खुशाली : बरे आहोत.


छत्रपती संभाजीनगर
२१ जानेवारी २०२६

अक्का,

तुझं पत्र मेसवाल्या मावशीनं पोळीच्या डब्याखाली ठेवलं होतं, त्याला तेल लागलं. गुडघ्याचं न्हाई, खायचं.

लगेच लिहिणार होतो, पण मधे एक दिवस पैठणला गेलो. काम काही नव्हतं. बसस्टँडवर एक जण पोत्यात काहीतरी घेऊन बसला होता, पोतं हलत होतं. मी विचारलं तर म्हणे बदकं. बदकं बसमधून न्यायला कंडक्टर तिकीट मागतो का, हे बघायला मी त्याच गाडीत बसलो. मागितलं न्हाई. पैठणला उतरल्यावर त्यानं मला अर्धा कप चहा पाजला. बदकं घेऊन तो पुढं कुठं गेला काय माहीत. मी मात्र परत आलो, कारण दांडी पडली की इथं साहेब बोलतो.

तुला वाटतं मी ऑफिसात मजेत आहे. मजा न्हाई. दिवसभर बसून राहायचं. मी बसणारा माणूस आहे का? सांगलीला हळदीच्या ट्रकवर गेलो तेव्हा बरं होतं, ताडपत्रीवर पडून आभाळ बघायचं. इथं मोबाइलसुद्धा आत नेऊ देत न्हाईत, दाराशी एका टोपलीत जमा करायचा. म्हणून माझा बंद लागतो.

हां, नियम. १९०९ नावाचा नंबर आहे, फोन लाव किंवा मेसेज कर. आपला नंबर डीएनडीमध्ये नोंदवायचा, म्हंजे जाहिरातीचे फोन आमाला नको असं लिहून घेतात. जाहिरातवाल्यांना १४० नं सुरू होणाऱ्या नंबरावरूनच फोन करता येतो. साध्या दहा आकडी नंबरावरून केला तर तो चोरटा. अशा चोरट्याची तक्रार त्याच १९०९ वर करायची, त्याचा नंबर, तारीख अन् तो काय बोलला ते सांगून. फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत.

पण खरं सांगू का, त्या भानगडीत पडू नको. काही होत न्हाई. नुसता कापत जा. बोलणाऱ्या पोरी पण पोटासाठीच बोलतात, त्यांना दिवसाला अडीचशे-तीनशे जणांचं ऐकावं लागतं.

आबांना दंडवत. मायला सांग मी जेवतो.

मुन्ना


नरसी
८ फेब्रुवारी २०२६

मुन्ना,

तुझं पत्र लिहिल्यापासून नवव्या दिवशी पोचलं. तक्रारीची मुदत सात दिवसांची. मी बारा तारखेचे बारा नंबर पाटीवरून उतरवून जपून ठेवले होते, ते तुझं पत्र यायच्या आधीच शिळे झाले. बदकांच्या मागं पैठणला गेला नसतास तर आधी पोचलं असतं. आमच्या घराला आग लागली तरी तू वाटेतली मिरवणूक बघून येशील.

मग मी राधिकाकडं गेले. ती आता सेवा केंद्र चालवते, सातबारा अन् फॉर्म भरून देते. तिनं मायचा नंबर डीएनडीत नोंदवला अन् नव्या फोनांची तक्रार केली. चार दिवसांनी मेसेज आला, तक्रार मिळाली. राधिका म्हणाली, एकटीच्या तक्रारीनं नंबर बंद व्हत न्हाई, दहा दिवसांत एकाच नंबरावर पाच जणांची तक्रार गेली पाहिजे. मग त्याचं बाहेर फोन लावणं पंधरा दिवस बंद करतात, अन् पुन्हा केलं तर वर्षभर त्याचे सगळेच नंबर.

मी आळीत फिरले. मुन्ना, ऐक. सगळ्यांना तेलवाल्यांचे फोन येतात. सगळ्यांना. ज्याला त्याला विचारावं तर म्हणतो, कापून टाका की, त्यात काय एवढं. अगदी तुझीच भाषा. पाच माणसं मिळेनात मला. जाळ्यात शेळी अडकली तर पन्नास जण काठ्या घेऊन धावतील, अन् हे रोज घरात घुसतात तर कापून टाका की.

पारुबाईचं मात्र नवल वाटलं. तिनं फोन घेऊन चार महिने झाले. लेकीला अन् जावयाला सोडून नंबर कुणाला दिला न्हाई. दिला तो फक्त दिवाळीच्या भंडाऱ्याच्या यादीत. तिलाही तेलवाल्यांचा फोन. नंबर गेला कुठून?

परवा मी एका पोरीला धरलं. पाच मिनिटं कापू दिला न्हाई. म्हटलं, बाई, तुझी माय चुलीपाशी बसून बापाच्या खुशालीची वाट बघत असती अन् मी अशी मधे बोंबलत आले असते तर तुला गोड वाटलं असतं का? नाव काय तुझं, सांग. तिकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. मला क्षणभर वाईट वाटलं, मग तुझं 'पोटासाठी बोलतात' आठवलं अन् राग दुप्पट झाला. पोट आमालाही आहे. तुला त्यांचा एवढा पुळका काहून?

बाकी एक बरं आहे. ग्यानबाकाका शुक्रवारी पुतणीच्या लग्नाला गेला, मंगळवारपर्यंत आबा एकटेच आहेत, म्हणून मायला घोर लागला होता. पण काल रिंगा दिवस मावळायच्या आतच आल्या, आजही तशाच. एक, दोन, बंद. माय म्हणाली, एकटे आहेत तर मेंढरं लवकर कोंडत असतील. काल ती लवकर जेवली अन् दोन भाकरी जास्त खाल्ल्या. ती नीट जेवली की घरात चांगलं वाटतं.

शिवकन्या


हिंगोली
११ फेब्रुवारी २०२६

मुन्ना,

तुझा फोन दोन दिवस लावून बघितला, बंदच, म्हणून दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहून राहिले. आबा आहेत. जिवंत आहेत. आधी ते वाच अन् मग पुढचं.

आबा शनिवारी दुपारी नाल्याच्या काठावरून घसरले. खुबा मोडला. फोन हातातून सुटून खालच्या डबक्यात गेला. उठता येईना, सरकता येईना. शनिवार दुपार ते सोमवार दुपार ते त्या नाल्यात होते. घोंगडं वर, ते खाली. डबक्याचं पाणी ओंजळीनं पीत होते. कुत्रं वरून भुंकत होतं.

मेंढरं मोकळी सुटली अन् सोमवारी एकाच्या हरभऱ्यात घुसली. विश्वंभर नावाचा शेतकरी. तो काठी घेऊन मेंढक्याला बडवायला निघाला, शिव्या देत देत नाल्यापर्यंत आला अन् त्याला आबा दिसले. त्यानंच दोघं जण बोलावून आबांना हिंगोलीला आणलं. आबांना घरचा नंबर पाठ न्हाई, म्हणून नाक्यावरच्या धाब्यावर विचारत विचारत मोटारसायकलवर नरसीला आला. आपला हरभरा बुडाला त्याबद्दल एक शब्द बोलला न्हाई. मी त्याच्या पाया पडले.

डॉक्टर म्हणतात, आदल्या दिवशी आणलं असतं तर बरं झालं असतं. पाय आखडला आहे, सूज लई आहे. ऑपरेशन होईल. पण मेंढरांमागं आता चालणं न्हाई. आबांना हे अजून सांगितलं न्हाई.

आता मला हे सांग. फोन शनिवारी दुपारी पाण्यात गेला. मग शनिवारी अन् रविवारी संध्याकाळी दोन रिंगा कुणी दिल्या?

माय म्हणत होती, त्यांच्याच होत्या, मी मोजल्या. मी मायचा फोन उघडून बघितला. दोन्ही दिवशी सहा ते साडेसहाच्या मधे एकच नंबर. साधा दहा आकडी. आबांचा न्हाई. नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. राधिकाला दाखवला तर म्हणाली, हा तेलवाल्यांचाच दिसतो. पण वाजवून कापायचं काहून? बोलायचं न्हाई तर वाजवता काहून? ते मला कुणी सांगत न्हाई.

रिंगा आल्या नसत्या तर मी रविवारी सकाळी माणूस धाडला असता. एक रात्र वाचली असती. मी उलट तुला लिहिलं की घरात चांगलं वाटतं.

मी मायवर ओरडले. दवाखान्यात, सगळ्यांच्या देखत. म्हटलं, एकदा तरी फोन माझ्यासमोर धरायचा होतास. ती त्या दोन दिवसांत जेवली ती पोटभर जेवली, ते तिला आता सोसत न्हाई. तेव्हापासून संध्याकाळचा घास घेत न्हाई.

तू ये. पत्र लिहू नको, ये.

शिवकन्या


छत्रपती संभाजीनगर
१७ फेब्रुवारी २०२६

अक्का,

तुझी दोन्ही पत्रं काल एकदम हातात पडली. आधी माय जेवली-बिवलीवालं वाचलं, मग दवाखान्यातलं. मी आलो न्हाई. का आलो न्हाई ते लिहितो. या वेळी बदकं न्हाईत.

मागच्या बाजूचा नंबर मी ओळखला. आमच्या खोलीतला आहे.

मी ऑफिसात न्हाई. टायरच्या दुकानावर एक खोली आहे, त्यात बसतो. डोक्याला हेडफोन लावून "नमस्कार, आपण गुडघेदुखीनं त्रस्त आहात का" म्हणतो. दिवाळी झाली तेव्हापासून. मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की १४० चा नंबर घ्यायला नोंदणी लागते अन् साहेबानं ती केलेली न्हाई. म्हणून साधी सिमं, वेगवेगळ्या नावांवर. कुणी डीएनडी म्हटलं तर म्हणायचं, ही जाहिरात न्हाई, पाहणी आहे. तुला सगळा नियम तोंडपाठ लिहिला तो काय मी पुस्तकात वाचला होता? आमाला शिकवतात, कुठून निसटायचं ते कळावं म्हणून.

वाजवून कापायचं काहून, ते तुला कुणी सांगत न्हाई म्हणालीस. मी सांगतो. फोन आमी लावत न्हाई, मशीन लावतं. बसलेले आमी चौघं. मशीन एका दमात दहा जणांना लावतं, कारण दहातले सहा उचलतच न्हाईत. पहिल्या चौघांनी उचललं की उरलेल्यांचं मशीन आपोआप कापतं. एक-दोन रिंगांत. ज्यांचा कापला त्यांना कळतही न्हाई कोण होतं. अन् गावाकडची यादी साहेब मुद्दाम सहा ते सातच्या मधे लावतो. म्हणतो, तेव्हा शेतकरी घरी येतो.

ते ऐकून मी एकदा तरी दचकायला पाहिजे होतं. मायच्या दोन रिंगा मला माहीत होत्या. तू लिहायच्या आधीपासून माहीत होत्या. तुझं जानेवारीचं पत्र वाचल्यावर मी मनाशी म्हटलं, साहेबाला सांगून नंबर काढून टाकतो. मग संध्याकाळी साहेब भडकलेला होता. मग दुसऱ्या दिवशी मी पैठणला गेलो. तुला वाटलं मी बदकांच्या मागं गेलो. मी त्या खोलीपासून पळालो होतो, अन् एका दिवसात परत येऊन पुन्हा हेडफोन लावला.

नाक ओढलेली पोरगी निता. माझ्या शेजारी बसते, जालन्याकडची. त्या दिवशी तिनं हेडफोन काढून ठेवला अन् म्हणाली, हिंगोलीकडची कोणी बाई होती, लई बोलली, पण खोटं काहीच बोलली न्हाई. मला कळलं ती कोण. मी तिला म्हटलं, पाणी पी.

आता नंबर गेला कुठून ते. कामाला लागताना एक फॉर्म देतात. ओळखीच्या पन्नास माणसांची नावं अन् नंबर भरा, भरल्याशिवाय कामावर घेत न्हाईत. मला पन्नास कुठून आठवणार? दिवाळीला भंडाऱ्याची यादी मीच लिहिली होती, अक्षर बरं आहे म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं दिलेली. तिचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. त्यातून उतरवले. पारुबाई सत्ताविसावी. पण यादी काढायच्या आधी, एक नंबरच्या ओळीवर, मी मायचा लिहिला. मला जगात पाठ असलेला तेवढा एकच नंबर आहे.

हे मी तुला फोनवर सांगू शकलो असतो. हिंमत झाली न्हाई. दिवसाला तीनशे जणांशी बोलतो अन् तुझ्याशी बोलायला तोंड न्हाई.

सोबत दोन कागद आहेत. एक, मी दिलेले पन्नास. दुसरा, आमच्या खोलीतल्या चोवीस सिमांचे नंबर. आत मोबाइल नेता येत न्हाई, म्हणून मी ते बुटाच्या पुठ्ठ्यावर बॉलपेननं लिहून दोन दिवसांत बाहेर आणले. कुणाला कुठल्या नंबरावरून फोन आला ते या चोवीसात सापडेल. तुला पाच माणसं पाहिजे होती. ही पन्नास घे.

खोली मी आज सोडली. पाच तारखेपर्यंत मेसवर आहे.

मुन्ना


नरसी
१ मार्च २०२६

मुन्ना,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी, एकदा मायला, एकदा गावाला.

व्हय, गावाला. तुला वाटलं असंल मी ते पत्र लपवीन अन् कागद तेवढे राधिकाला देईन. मी दुपारी लिंबाखाली सगळ्यांना बोलावलं अन् तुझी पन्नास नावं वाचली. एकेका नावाला तो माणूस मान वर करत होता. ज्या यादीत त्यांनी पोळ्यांचं पीठ अन् डाळ लिहून दिली होती, तीच. सत्ताविसाव्या नावाला पारुबाई उठली. म्हणाली, "त्या पोरट्याला मी अंगाखांद्यावर खेळवलं. माझा नंबर मागायला आला तेव्हा चहा दिला त्याला." अन् खाली बसली. तुला शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

आबांचं ऑपरेशन झालं, खाटेवर आहेत; त्यांनाही सांगितलं, आवाज चढला न्हाई. त्यांनी एवढंच विचारलं, मेंढरांकडं कोण आहे?

पण तुझ्या कागदाचा उपयोग झाला. त्या दिवशी कुणी 'कापून टाका की' म्हणालं न्हाई. राधिकानं टेबल बाहेर मांडलं. ज्याच्या फोनमध्ये त्या चोवीसातला नंबर सापडला, सात दिवसांच्या आतला, त्याची तक्रार तिथंच. एकसष्ट तक्रारी गेल्या. सगळ्यात पहिली मायची. तिला आकडे येत न्हाईत, पण मेसेज मी लिहिल्यावर पाठवायचं बटण तिनं स्वतः दाबलं. इतकं जोरात की बटण आत गेलं अन् बराच वेळ वर आलं न्हाई.

चोवीसातले अकरा बंद झाल्याचे मेसेज आले. तेरा राहिले. अकरा बंद करायला एका माणसाचा खुबा मोडावा लागला, दोन दिवस नाल्यात पडावं लागलं अन् आख्ख्या गावासमोर मला माझ्या भावाचं नाव वाचावं लागलं. नियम चांगला असंल. पण तो जागा व्हायला एवढं काहून लागतं? अन् ज्यांच्या घरचं कोणी त्या खोलीत बसत न्हाई, ज्यांना चोवीस नंबर कुणी बुटातून आणून देत न्हाई, त्यांनी काय करायचं?

तू माफी मागितली न्हाईस, ते बरं केलंस. मागितली असतीस तर मी पत्र चुलीत घातलं असतं.

आता ऐक. ग्यानबाकाका स्वतःची अन् आपली अशी दोन्ही मेंढरं सांभाळून राहिला. तो साठीचा माणूस आहे, त्याच्यानं जास्त दिवस होणार न्हाई. आबा ती विकायची म्हणाले. माय न्हाई म्हणाली. तुला कुठं बसवत न्हाई ना? मेंढरांमागं बसावं लागत न्हाई. घरी येऊन आमच्यासमोर रडायची गरज न्हाई. सरळ कनेरगाव नाक्यावर उतर अन् विश्वंभरभाऊच्या रानाची वाट विचार. पहिल्यांदा त्याच्या तुडवलेल्या हरभऱ्यात उभा राहा.

अन् एक. रिंगा द्यायच्या न्हाईत. माय म्हणते, रिंग कुणाचीही असती. दिवस मावळला की फोन लावायचा अन् उचलेपर्यंत थांबायचं.

शिवकन्या


कनेरगाव नाका, धाब्यावरून
२२ मार्च २०२६

अक्का,

सोळा दिवस झाले. हे पत्र धाब्यावरच्या बाकड्यावर लिहून राहिलो. आधी टपालपेटी शोधायला फाट्यापर्यंत जावं लागलं, वाटेत एक जण ट्रॅक्टरच्या चाकाला विहिरीचं पाणी मारून मुंगूस बाहेर काढत होता, मी थांबलो न्हाई. खरंच थांबलो न्हाई. मेंढरांपाशी ग्यानबाकाका एकटाच होता.

विश्वंभरभाऊच्या हरभऱ्यात उभा राहिलो. तो म्हणाला, आता उभं राहून काय उगवणार आहे, चार दिवस मेंढरं या रानात बसव, खत तरी पडंल. बसवली. मग चारचे दहा दिवस केले.

नाला बघितला. वरून कुत्रं ज्या जागी भुंकत होतं तिथली माती अजून उकरलेली आहे. डबक्यात आता पाणी न्हाई. चिखलात आबांचा फोन सापडला. पुसून ठेवला आहे. चालू व्हणार न्हाई.

हळद काढणी जोरात आहे. इकडं सगळीकडं शिजवलेल्या हळदीचा वास. काल ढवळ्या रंगाची जी मेंढी आहे, कानाला कातरा मारलेली, तिला दोन कोकरं झाली, दोन्ही उभी राहिली. आबांना सांग.

निताचा निरोप मेसवाल्या मावशीकडून आला. साहेबानं खोली बदलली. नवी सिमं आणली, फॉर्म तोच आहे. पन्नास नावं. नवीन पोरं बसली आहेत अन् कुणीतरी आपल्या मायचा नंबर पहिल्या ओळीवर लिहून राहिला असंल. निताला मी नव्या खोलीचा पत्ता अन् नवे नंबर विचारले आहेत. ती देईल. राधिकाला सांग टेबल आत नेऊ नको.

आता मायचं. तुला घरी दिसत असंल, पण माझ्या बाजूनं सांगतो.

पहिल्या दिवशी मेंढरं जाळीत घातली अन् फोन लावला. तिनं उचलला. माझ्या तोंडातून, अक्का, सवयीनं, "नमस्कार" निघालं. चार महिन्यांची जीभ. तिनं कापला.

दुसऱ्या दिवशी मी काही बोललो न्हाई. ती पण न्हाई. मी फोन मेंढरांकडं धरून उभा राहिलो. घंटा वाजत होत्या, कोकरं ओरडत होती. सगळी खाली बसेपर्यंत तिनं ऐकलं, मग कापला. असे आठ दिवस गेले. माझ्या आवाजाची तिला गरज नव्हती, मेंढरांचा पुरत होता.

दहाव्या दिवशी तिनं विचारलं, "कोण बोलतंय?"

मी म्हटलं, "माय, मी."

"मी कोण? नाव सांग."

"मुन्ना."

"कुणाचा?"

"रामकिशनचा."

"कुठून बोलतोस?"

"विश्वंभरभाऊच्या रानातून. नाल्याच्या अलीकडून."

"काम काय?"

"मुक्काम पडला. मेंढरं बराबर."

"अन् माणूस?"

मी म्हटलं, माणूस पण. तिनं मग कापला.

तेव्हापासून रोज हेच. नाव, कुणाचा, कुठून, काम काय. एक प्रश्न गाळत न्हाई, क्रम बदलत न्हाई. त्या खोलीत चार महिन्यांत मला हे एकदाही कुणाला खरं सांगू दिलं न्हाई. ती रोज विचारते, मी रोज उत्तर देतो. ग्यानबाकाका लांबून ऐकतो अन् हसतो. म्हणतो, पोलीस ठाण्यात हजेरी लावल्यासारखं करतोस.

लावू दे. तुझ्या पुढच्या पत्रात एवढंच लिही, माझा फोन कापल्यावर ती जेवते का.

मुन्ना